चिकटवलेली पानं

ज्या कुणी ही पानं चिकटवली, त्यानं मुलांचा विश्वासघात केला होता. माझं पहिलं मत हेच होतं आणि ते मी भर वर्गात बोलून दाखवलं. शाळेच्या कपाटातून त्या नाटकाच्या अकरा प्रती काढल्या, तर अकराच्या अकरा प्रतींत चौथ्या अंकातली तीच दोन पानं एकमेकांना खळीनं घट्ट चिकटवलेली. हा कुणा पोराचा खोडसाळपणा नव्हता. कडेला कडा जुळवून, वर काहीतरी जड ठेवून, सावकाश केलेलं काम होतं ते. ज्याला नाटक शिकवायची भीती वाटते त्यानं भूमिती शिकवावी, असं मी म्हणालो. मुलं हसली.

ही गोष्ट छत्तीस सालच्या डिसेंबरातली, बारामतीची. पुण्याहून बी. ए. होऊन मी तिथल्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवायला आलो होतो. शाळा बारा वर्षांची, पण जागा फार जुनी. गुळाची एक लांबच लांब पत्र्याची वखार होती ती. मधे तट्ट्या लावून वर्ग पाडलेले. मॅट्रिकचा वर्ग सगळ्यांत मागे. आमच्या पाठीशी वखारीचा उरलेला भाग तसाच मोकळा पडलेला होता. तिथं मोडकी बाकं रचून ठेवली होती आणि त्यांच्यापलीकडे मागचं दार, कायम बंद. थंडीचे दिवस. आसपासच्या मळ्यांतून गुऱ्हाळं लागलेली, सगळ्या गावाला उकळत्या रसाचा गोडसर वास. वखारीच्या त्या मागच्या भागात मात्र तो वास कधी शिरत नसे.

झाडलोटीला ठमाबाई होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे माणसं ती आवाजावरून ओळखायची. पहिल्या दिवशी मी नुसता खोकलो, तर म्हणाली, "पुन्याचं मास्तर व्हय? पाय उचला, केर काढायचाय."

नाटक जुनं, पन्नास वर्षांपूर्वीचं, संगीत. मॅट्रिकला वर्षानुवर्षं तेच लावलेलं. एक राजा संशय घेऊन राणीला नगराबाहेर काढतो. चौथ्या अंकात ती परत येते, बंद वेशीबाहेर उभी राहते आणि एक पद म्हणते. पाचव्यात वेस उघडते. चिकटवलेल्या पानांत होतं ते हेच पद. परीक्षेत प्रश्न हमखास त्याच्यावर येणार, आणि बारा वर्षं इथली मुलं त्यावरून उडी मारून पुढं गेलेली. कुणातरी सोवळ्या मास्तरला राणीचा शृंगार बोचला असेल, अशी माझी खात्री झाली.

चहाच्या भांड्याची वाफ देऊन मी एका संध्याकाळी अकराही प्रती उघडल्या. पानं सुटताना एक वास आला. खळीचा नव्हे. खोबरेल आणि सफेदा… नाटकातली माणसं तोंडाला लावतात तो रंग. पुस्तकं पूर्वी कुणा कंपनीच्या पेटीत असतील, असं म्हणून मी हात धुतले. वास हाताला दोन दिवस राहिला.

माझी शिकवायची पद्धत साधी होती. बाकावर बसून नाटक कळत नाही. पात्रं वाटून द्यायची, मुलांना उभं करायचं आणि वाक्य मनासारखं येईपर्यंत एकच शब्द म्हणायचा: पुन्हा. रावजी म्हणून एक वात्रट मुलगा वहीच्या मागच्या पानावर माझ्या 'पुन्हा'च्या रेघा ओढायचा. ते मला ठाऊक होतं. शुक्रवारी तो आठवड्याचा आकडा वर्गाला सांगायचा आणि मी कानाडोळा करायचो.

राणीचं काम मी जयवंताला दिलं. वर्गात ती एकटीच मुलगी. जळोचीच्या सर्जेरावांची. त्यांचा पाटाच्या पाण्यावर ऊस होता, भाजीपाला होता, आणि मुलीला मॅट्रिक करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यापायी भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. जयवंता मान खाली घालून वाचायची, पण वाचलेलं तिला कळायचं. ही मुलगी कॉलेजात जाईल, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी शेवटच्या तासाला आम्ही चौथा अंक उघडला. मी नेहमीप्रमाणे आधी प्रश्न टाकला. "राणी हे पद कुणाला ऐकवते आहे?"

रावजी वेशीवरचा पहारेकरी होता. तो म्हणाला, "पहारेकऱ्याला, सर. पण तो माझ्यासारखाच झोपलेला आहे."

हशा ओसरल्यावर मी म्हणालो, "आणखी कोण ऐकतंय? रंगमंचावर नसलेलं एक पात्र प्रत्येक नाटकात असतं. प्रेक्षक. नाटक वाचताना त्याला विसरायचं नाही. जयवंता, वाच."

तिनं वाचलं.

"वेशीपाशी उभी मी, कुणी दिवा दाखवा,
नाव माझे घेउनी एकदा बोलवा."

बाजारभाव सांगावा तसं वाचलं तिनं. मी म्हणालो, "पुन्हा."

दुसऱ्यांदा बरं झालं. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा तिचा आवाज किंचित कापला, आणि मला वाटलं, आता येतंय. "पुन्हा."

त्यानंतर तिनं ते गायलं. मी चाल सांगितली नव्हती. पुस्तकात चालीचं नाव नव्हतं. जुन्या वळणाची, लांब ताना असलेली ती चाल जळोचीच्या मळ्यात तिला कोण शिकवणार? वर्ग निश्चल बसला होता. ती गात होती, संपवत होती, आणि पहिल्यापासून सुरू करत होती. मी फळ्याजवळ उभा होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी लपवत नाही. घंटा झाली तेव्हा ती थांबली आणि झोपेतून उठल्यासारखी खाली बसली.

"छान," मी म्हणालो. "आता कळलं ना, राणी कुणाला ऐकवते?"

"कुणालाच नाही, सर. आधी वेस उघडावी म्हणून म्हणत असेल. मग तिला थांबताच येत नाही."

"नाटककारानं असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही. म्हणताना कळतं."

मुलं गेली. रावजी मागे रेंगाळला. वही पुढं करून म्हणाला, "सर, आज विक्रम झाला. एका पदाला सात."

"तीन," मी म्हणालो. "मी तीनदा 'पुन्हा' म्हणालो."

"मी ऐकल्या तेवढ्याच ओढल्यात, सर. पहिल्या तीन फळ्याकडून. पुढच्या चार मागनं आल्या. मला वाटलं, तुम्ही चालत चालत मागं गेलात."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर वात्रटपणा नव्हता. मी वही बंद करून त्याच्या हातात दिली आणि घरी जायला सांगितलं. पत्र्याच्या वखारीत आवाज घुमतो. कॉलेजात शिकलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

शुक्रवारी जयवंताचा घसा बसला होता. मी तिला वाचायला सांगितलंच नाही. पाचव्या अंकाच्या रचनेवर बोलत होतो. ऊन कलून वरच्या झरोक्यातून एक पट्टा मागच्या मोडक्या बाकांवर पडला होता. त्याच सुमाराला ती आपण होऊन उठली. पुस्तक मिटलेलं. मान वर. माझ्याकडे पाठ करून, त्या बाकांकडे तोंड करून ती गाऊ लागली. आवाज फाटका, पण सुरात. मी "बस" म्हणालो. "जयवंता, बस खाली." तिनं पद संपवलं आणि किंचित वाकली… प्रेक्षकांपुढे नट वाकतात तशी. मग पुन्हा पहिल्यापासून.

तिचं संपायचं आणि सुरू व्हायचं, यांच्या मधल्या त्या क्षणात मागची बाकं करकरायची. एक नव्हे. पुष्कळ. पुष्कळ माणसं एकदम पुढं सरकून बसावीत तशी…

घंटा झाली तेव्हाच ती थांबली. ओठाच्या कोपऱ्यात लाल काहीतरी होतं. तिनं ते पदरानं पुसलं आणि म्हणाली, "मी काही म्हणत होते का, सर?"

शनिवारी सकाळी सर्जेराव शाळेत आले. पागोटं सारखं करत दारातच उभे राहिले. आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मास्तर, पोरगी शिकावी म्हनून आमी भावकीची बोलणी खाल्ली. आता ती भाकरी खाता खाता उठती, भित्ताकडं बघती आन् पद म्हनती. घशातनं रगत येतंय, पर थांबत न्हाय. तिची आय रडून रडून पडलीय. शाळा बास झाली."

"परीक्षा तीन महिन्यांवर आलीय, सर्जेराव."

"परीक्षेला पोरगी जित्ती पायजे का न्हाय?"

त्यांचं खरं होतं. पण तिनं घरी बसावं हेही मला मान्य नव्हतं. एकदा शाळा सुटलेल्या मुली परत येत नाहीत. मी म्हणालो, "मला सोमवारचा एक तास द्या. तुम्ही स्वतः येऊन वर्गात बसा. नाही जमलं तर मीच नाव काढतो."

"तुमी काय मांत्रिक हाय का?"

"नाही. मी नाटक शिकवतो."

ते जायला वळले. मग म्हणाले, "एकच तास."

माझ्या आधी मराठी शिकवायला महिपतराव होते. निवृत्त होऊन ते इंदापूरला मुलाकडे राहत होते. रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं मी इंदापूरला गेलो. ओसरीवर ऊन खात बसलेल्या त्या म्हाताऱ्याला मी नमस्कारही नीट केला नाही. विचारलं, "ती पानं तुम्ही चिकटवलीत?"

"उघडलीत ना?" ते म्हणाले. "मला वाटलंच, कुणीतरी हुशार येईल."

मग त्यांनी सांगितलं. तेहतीस वर्षांपूर्वी ती वखार नाटकांना भाड्यानं देत. एक कंपनी हेच नाटक घेऊन आली होती. राणीचं काम करणारा मुलगा आपल्याच भागातला, कण्हेरीचा, नकोशीबाईचा भिमा. सतरा वर्षांचा. गावचा पोर राणी झालाय म्हणून आजूबाजूच्या गावांतून गाड्या जुंपून माणसं आली होती.

"ते पद झालं," महिपतराव म्हणाले, "आणि वन्समोर मिळाला. त्या काळी रीतच होती. वन्समोर मिळाला की नटानं वाकून नमस्कार करायचा आणि पद पहिल्यापासून म्हणायचं. नाही म्हटलं तर प्रेक्षकांचा अपमान. त्यानं म्हटलं. परत वन्समोर. तो तापानं फणफणलेला होता, हे कंपनीला माहीत होतं. आम्हाला नव्हतं. पण चौथ्या-पाचव्या वेळेला कळायला हवं होतं."

"आम्हाला?"

"मी तिसऱ्या रांगेत होतो. पंचवीस वर्षांचा. सगळ्यांत मोठा आवाज माझा." त्यांनी हात पुसल्यासारखे धोतरावर फिरवले. "सातव्या वेळेला तो पडला. आम्ही आणखी थोडा वेळ ओरडत होतो. आम्हाला वाटलं, अभिनय आहे."

भिमा उठलाच नाही. पाचवा अंक झालाच नाही. वेस उघडलीच नाही.

मला सगळं लख्ख दिसलं. मी उभाच राहिलो. "महिपतराव, तुम्ही बारा वर्षं चूक केलीत. तो मुलगा त्या पदात अडकलाय आणि तुम्ही त्याच्यावर पानं चिकटवलीत. नाटक पुढं न्यायला हवं होतं. राणीनं एकदा गावं, कुणी पुन्हा म्हणू नये, वेस उघडावी, नाटक संपावं. इतकं सोपं आहे."

ते माझ्याकडे बघून हसले, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "तुम्हाला भिमाची भीती वाटते?"

"नाही."

"मलाही कधी वाटली नाही," ते म्हणाले. "अहो, बसा जरा. माझं ऐकून घ्या…"

पण परतीची मोटार सुटायची वेळ झाली होती, आणि मला जे हवं ते मिळालं होतं. मी तसाच निघालो. वाटेत पाचव्या अंकातली राजाची सगळी भाषणं पाठ केली.

सोमवारी शेवटच्या तासाला सर्जेराव पहिल्या बाकावर बसले, पागोटं मांडीवर घेऊन. जयवंता फिकट दिसत होती. मी मुलांना सांगितलं, "आज थांबायचं नाही. कुणाचं चुकलं तरी पुढं जायचं. आज मी 'पुन्हा' म्हणणार नाही, आणि तुमच्यापैकीही कुणी म्हणायचं नाही." राजा मी झालो.

चौथा अंक निम्मा होईपर्यंत काही झालं नाही. मग ऊन कललं. झरोक्यातला पट्टा मागच्या बाकांवर गेला आणि वर्गात उकडू लागलं. डिसेंबरात, भर थंडीत. रॉकेलच्या काजळीचा वास, विडीचा वास, दाटीवाटीनं बसलेल्या माणसांच्या घामाचा वास. सर्जेरावांनी कपाळ पुसलं. जयवंता उठली, मागं वळली आणि गायली.

एकदाच. पद संपलं. ती वाकू लागली.

बाकं करकरली. मागच्या अंधारात काहीतरी भरत चाललं होतं, छातीत श्वास भरून घ्यावा तसं… ओरडण्याआधी माणूस घेतो तसा श्वास. रावजीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझ्या स्वतःच्या जिभेवर तो शब्द आला होता. खरंच सांगतो. पद असं झालं होतं की ते पुन्हा ऐकावंसं वाटत होतं. इतकं की दात आवळावे लागले.

"वेस उघडा," मी ओरडलो. पाचव्या अंकाचं पहिलं वाक्य. "दिवे लावा. माझी राणी बाहेर उभी आहे."

जयवंता थबकली. अर्धी वाकलेली ती सरळ झाली आणि हळूहळू माझ्याकडे वळली. तेहतीस वर्षं त्या वखारीत त्या पदामागून कुणी न म्हटलेलं वाक्य तिनं म्हटलं, "महाराज, फार उशीर केलात." आवाज तिचा होता. बसलेला, खरखरीत, पण तिचाच.

मग आम्ही थांबलो नाही. रावजी अडखळला, एक पान कुणीतरी गाळलं, पण आम्ही पुढं जात राहिलो. शेवटची मंगल ओळ सगळ्या वर्गानं मिळून म्हटली. ऊन गेलं होतं. वखारीत गारवा होता आणि पहिल्यांदाच, मागच्या बाजूनंसुद्धा, गुऱ्हाळाचा गोड वास येत होता.

जयवंता बाकावर बसून रडत होती, साधी, थकलेल्या मुलीसारखी. सर्जेराव तिच्याजवळ गेले. "पद म्हनावं वाटतंय का अजून?"

"न्हाय, आबा. भूक लागलीया."

ते हसले. पागोटं डोक्यावर चढवून मला म्हणाले, "मास्तर, पोरगी उद्यापास्नं परत येईल. मॅट्रिक झाल्याबिगर थांबवत न्हाय मी तिला." बापलेक बैलगाडीत बसून निघाली, ती वळणापर्यंत मी बघत होतो. रावजीनं जाता जाता वही उघडून दाखवली. त्या दिवसाच्या खाली एकही रेघ नव्हती.

मी वर्गात परत आलो. पुस्तकं गोळा करून कपाटात ठेवली, अकराही प्रती, सगळी पानं मोकळी. जे बारा वर्षांत कुणाला जमलं नाही ते मी एका तासात केलं होतं, आणि तेही मंत्रतंत्रानं नव्हे, पाचवा अंक वाचून. महिपतरावांना तसं पत्र लिहायचं मी मनात जुळवत होतो.

ठमाबाई खराटा घेऊन मागच्या बाजूनं आली. बाकांना हात लावत, वाट चाचपत. माझी चाहूल लागून थांबली.

"मास्तरच हाय न्हवं?"

"हो. आज लवकर केर काढतेस?"

"काढणार कसा? मागल्या दाराशी ही दाटी." तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. "कवाधरनं सांगतीया, पोरगी बापासंगं घरला गेली, तुमीबी जावा. तर आपलं वन्समोर वन्समोर लावलंय… हटत न्हाईत. उद्या येनार हाय ती, म्हनून सांगू का त्यास्नी?"